विनामूल्य प्रोग्रॅमबरोबर येणारे अनाहूत सॉफ्टवेअर : स्वरूप, व्यवहार आणि निवारण

१. विषयप्रवेश

प्रबंधलेखनाच्या कामात पदव्युत्तर विद्यार्थ्याला अनेक लहानमोठ्या साधनांची गरज पडते. पीडीएफची पृष्ठे जोडणे किंवा वेगळी करणे, जुन्या फाँटमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणे, मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणातील हवा तो भाग कापून घेणे, हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा आकार कमी करणे, ही सर्व कामे करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर विनामूल्य मिळतात आणि ते उतरवून घेण्यास दोन मिनिटे पुरतात. पुढे केव्हा तरी ब्राउझरचे मुखपृष्ठ बदललेले आढळते, शोध घेताच अनोळखी शोधयंत्राचे पान उघडते, प्रत्येक पानावर नको त्या जाहिराती उमटतात, आणि आपण कधीही न मागितलेले दोनचार प्रोग्रॅम संगणकावर ठाण मांडून बसलेले दिसतात. मागितले एक आणि आले पाच, असा हा प्रकार आहे.

या उपद्रवाचे खापर बहुधा वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. त्याने नीट वाचले नाही, घाईने ‘पुढे’ म्हटले, असे सांगितले की विषय संपतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हे दाखविण्याचा आहे की, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अनाहूत सॉफ्टवेअरच्या मुळाशी एक सुसंघटित व्यापार आहे. त्या व्यापारात वापरणाऱ्याची संमती हा विक्रीचा माल आहे. आणि ती संमती ज्या विश्वासाच्या बळावर मिळते तो विश्वास बहुधा दुसऱ्याच कोणी तरी कमावलेला असतो. हे ध्यानात आले म्हणजे निवारणाचे उपायही आपोआप योग्य क्रमाने लागतात.

२. व्याख्येची अडचण

संगणकाचा व्हायरस आणि अनाहूत सॉफ्टवेअर यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. व्हायरस विचारल्यावाचून शिरतो. तो घरफोडी करणारा चोर होय. अनाहूत सॉफ्टवेअर मात्र दारात उभे राहून परवानगी मागितल्याचा देखावा करते, आणि ती परवानगी आपण दिली असल्याची नोंद जवळ ठेवते. त्यामुळे त्याला दुष्ट म्हणावे की नुसते नकोसे, हा प्रश्न उपस्थित होतो. व्हायरसप्रतिबंधक प्रोग्रॅम तयार करणाऱ्या कंपन्यांनी या वर्गासाठी जे नाव रूढ केले त्याचा अर्थ ‘संभाव्यतः नको असलेला प्रोग्रॅम’ असा होतो. या नावातील ‘संभाव्यतः’ हा शब्द भाषेच्या गरजेपेक्षा न्यायालयाच्या भीतीने अधिक आलेला आहे.

ही भीती निराधार नव्हती. झँगो नावाच्या अमेरिकन कंपनीचा जाहिराती दाखविणारा प्रोग्रॅम अनेक विनामूल्य खेळ व साधनांबरोबर संगणकांवर जात असे. ग्राहकांची फसवणूक व काढून टाकण्यातील अडथळे या आरोपांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली, आणि २००६ मध्ये कंपनीने ३० लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. याच झँगोने आपला प्रोग्रॅम अडविल्याबद्दल कॅस्परस्की या व्हायरसप्रतिबंधक कंपनीविरुद्ध दावा लावला होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने निकाल कॅस्परस्कीच्या बाजूने दिला. वापरणाऱ्याला आक्षेपार्ह मजकूर अडविण्याचे साधन पुरविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालानंतर प्रतिबंधक कंपन्यांना काहीसा धीर आला. तथापि नावातील ‘संभाव्यतः’ अद्याप गेलेले नाही.

या वर्गात मोडणारे प्रोग्रॅम साधारणपणे चार प्रकारचे असतात. ब्राउझरला चिकटणारे टूलबार व विस्तार. शोधयंत्र आणि मुखपृष्ठ बदलणारे. इतरांच्या पानांत आपल्या जाहिराती घुसडणारे. आणि संगणकात शेकडो ‘दोष’ असल्याचे भासवून ते दूर करण्यासाठी पैसे मागणारे तथाकथित सफाई-प्रोग्रॅम. यांपैकी तिसरा प्रकार किती पसरला होता याची कल्पना गूगलच्या व विद्यापीठांतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून येते. गूगलच्या संकेतस्थळांना रोज भेट देणाऱ्या आयपी पत्त्यांपैकी ५ टक्क्यांहून अधिक पत्त्यांवर अशा जाहिराती घुसडल्या जात असल्याचे त्यांना आढळले.

३. दर स्थापनेमागे मोबदला

विनामूल्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही पोट असते, आणि सर्व्हरचे भाडे त्याला चुकत नाही. या गरजेतून जो व्यवहार उभा राहिला त्याला ‘पे-पर-इन्स्टॉल’, म्हणजे दर स्थापनेमागे मोबदला, असे म्हणतात. त्यात तीन पक्ष असतात. पहिला जाहिरातदार, आपला टूलबार किंवा सफाई-प्रोग्रॅम अधिकाधिक संगणकांवर जावा अशी त्याची इच्छा असते. दुसरा प्रकाशक, त्याच्याजवळ लोकांना खरोखर हवा असलेला एखादा विनामूल्य प्रोग्रॅम असतो. तिसरा या दोघांना जोडणारा मध्यस्थ. तो इंस्टॉलर, म्हणजे प्रोग्रॅम संगणकावर बसविणारे आवरण, तयार करून देतो. आपण इंस्टॉलर उघडला की तो मध्यस्थाच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, आपला देश, ब्राउझर व संगणकाची व्यवस्था पाहतो, आणि त्या क्षणी ज्या जाहिरातदाराचा भाव योग्य असेल त्याचे ‘निमंत्रण’ आपल्यासमोर मांडतो. प्रत्येक यशस्वी स्थापनेमागे जाहिरातदार पैसे देतो, मध्यस्थ आपला हिस्सा ठेवतो, आणि उरलेले प्रकाशकाला मिळतात. ज्याच्या संगणकावर हा सर्व व्यवहार घडतो त्याचा यात वाटा नसतो.

या व्यापाराविषयी दोन महत्त्वाचे प्रबंध २०१६ च्या युझेनिक्स सिक्युरिटी परिषदेत वाचले गेले. कर्ट टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मध्यस्थ जाळ्यांचे वर्षभर निरीक्षण केले. एका स्थापनेचा भाव १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत असतो, आणि तो देशपरत्वे बदलतो, असे त्यांना दिसले. गूगलची सुरक्षायंत्रणा अनाहूत सॉफ्टवेअरबद्दल दर आठवड्यास ६ कोटींहून अधिक इशारे देत होती. खऱ्या घातक सॉफ्टवेअरबद्दलच्या इशाऱ्यांच्या हे प्रमाण सुमारे तिप्पट होते. संगणकावर कोणता व्हायरसप्रतिबंधक आहे हे आधी पाहून मगच निमंत्रण दाखवावयाचे की नाही हे ठरविण्याची सोयही काही जाळी देत होती. परवानगी मागण्यापूर्वी घरात पहारेकरी आहे की नाही याची चौकशी करणारा पाहुणा प्रामाणिक म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रबंधात कोट्झियास, बिल्गे व काबालेरो यांनी ३९ लाख प्रत्यक्ष वापरातील संगणकांची माहिती तपासली. त्यांपैकी ५४ टक्के संगणकांवर या वर्गातील काही ना काही बसविलेले होते. निम्म्याहून अधिक लोक निष्काळजी आहेत असे म्हणण्यापेक्षा, ज्या रचनेत निम्म्याहून अधिक लोक फसतात त्या रचनेतच दोष आहे असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

हा व्यवहार केवळ अप्रतिष्ठित लोकांचा होता असेही नाही. ओरॅकल कंपनीच्या जावाबरोबर ‘आस्क’चा टूलबार अनेक वर्षे येत असे, आणि त्याच्या चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली असे. त्या टूलबारचा इंस्टॉलर जावाची स्थापना संपल्यावर सुमारे १० मिनिटे थांबून मग काम सुरू करीत असल्याचे २०१३ मध्ये निदर्शनास आले. ज्याने लगेच प्रोग्रॅमांची यादी तपासली त्याला तीत काहीच वावगे दिसू नये, असा या विलंबाचा परिणाम होई.

४. संमतीची घडण

आता इंस्टॉलरच्या त्या पानाकडे वळू, कारण प्रश्नाचे मर्म तेथे आहे. हे पान तयार करणाऱ्याचे कौशल्य खोटे बोलण्यात नसते, तर खरे अशा रीतीने मांडण्यात असते की ते वाचले जाऊ नये. ‘शीघ्र’ आणि ‘विशेष’ असे स्थापनेचे दोन मार्ग दाखविले जातात. ‘शीघ्र’ मार्गापुढे ‘शिफारस केलेला’ असे लिहिलेले असते आणि त्यातच सर्व जोडपदार्थ गृहीत धरलेले असतात. ‘विशेष’ मार्ग तज्ज्ञांसाठी आहे असा समज करून दिला जातो. होकाराचे बटन ठळक, नकाराचे फिके. चौकटीतील खूण आधीच केलेली. एका पानावर ‘मान्य’ म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या परवान्यास मान्यता, आणि हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पुढच्या पानावर ‘मान्य’ म्हणजे परक्या टूलबारला मान्यता. वापरणाऱ्याच्या मनात मात्र एकच समजूत असते : मान्य म्हटले नाही तर आपल्याला हवा असलेला प्रोग्रॅम मिळणार नाही.

परवान्याचा मजकूर कोणी वाचत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पीसी पिटस्टॉप या अमेरिकन कंपनीने आपल्या परवान्याच्या मजकुरातच बक्षिसाचे एक कलम घालून ठेवले होते. चार महिने गेले, ३ हजारांहून अधिक वेळा प्रोग्रॅम उतरविला गेला, तेव्हा कोठे एका वाचकाने पत्र लिहिले, आणि त्याला १ हजार डॉलर मिळाले.

मग मजकूर थोडक्यात व ठळक दिला तर काय होते? नेथन गुड आणि सहकाऱ्यांनी २२२ व्यक्तींवर केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रश्नाचे उत्तर देतो. स्थापनेपूर्वी थोडक्यात सूचना दिल्यास स्थापनांची संख्या लक्षणीय रीत्या घटली, आणि स्थापनेनंतर तशी सूचना दिल्यास पुष्कळांनी प्रोग्रॅम काढून टाकला. तथापि सूचना वाचूनही अनेकांनी प्रोग्रॅम बसविला व पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. या निष्कर्षाचे दोन्ही भाग लक्षात ठेवावयास हवेत. स्पष्ट माहिती दिल्याने फरक पडतो, म्हणजे अस्पष्टता हेतुपुरस्सर राखण्यात कोणाचा तरी लाभ आहे; परंतु केवळ माहिती पुरेशी होत नाही, कारण त्या क्षणी माणसाचे चित्त आपल्या हातातील कामाकडे असते, पानाकडे नसते.

आधीच केलेली खूण ही संमती होऊ शकते काय, या प्रश्नाचा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ प्रकरणात दिला. प्रकरण कुकींविषयीचे होते. वापरणाऱ्याने स्वतः कृती करून दिलेला होकार हाच होकार होय. त्याने खूण काढली नाही यावरून तो राजी आहे असे मानता येत नाही, असा त्याचा आशय आहे. ही दृष्टी मान्य केली तर इंस्टॉलरमधील बहुसंख्य ‘संमती’ संमती म्हणून उभ्याच राहू शकत नाहीत.

५. विश्वासाची विक्री : दोन उदाहरणे

सोर्सफोर्ज हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले आणि मुक्त सॉफ्टवेअरचे एक मोठे भांडार म्हणून त्याने लौकिक मिळविला. २०१३ मध्ये त्याने ‘डेव्हशेअर’ ही योजना काढली. प्रकल्पाच्या संमतीने इंस्टॉलरमध्ये परक्या प्रोग्रॅमांची निमंत्रणे घालावयाची आणि उत्पन्न वाटून घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. चित्रसंपादनाचा जिंप हा मुक्त प्रोग्रॅम १९९६ पासून लोकांच्या हाती आहे व तो प्रामुख्याने स्वयंसेवक चालवितात. फसव्या ‘डाउनलोड’ बटनांना व या नव्या योजनेला कंटाळून जिंपच्या मंडळींनी २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये विंडोजच्या इंस्टॉलरचे वितरण तेथून हलविले. २०१५ च्या मे महिन्यात असे उघडकीस आले की, सोर्सफोर्जने जिंपचे ते खाते आपल्या ताब्यात घेतले असून तेथे मिळणाऱ्या जिंपला निमंत्रणांचे आवरण घातले आहे. खाते बेवारस होते असे संकेतस्थळाचे म्हणणे होते. त्यावर तीव्र निषेध झाला आणि सोर्सफोर्जला माघार घ्यावी लागली. २०१६ च्या आरंभी संकेतस्थळाची मालकी बदलली व नव्या मालकांनी डेव्हशेअर योजनाच बंद केली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. जिंपचा परवाना कोणासही त्याच्या प्रती वाटण्याची मुभा देतो. तेव्हा वाटप हा स्वतः अपराध नव्हता. परंतु जो मनुष्य जिंपचे नाव पाहून निःशंकपणे ‘मान्य’ म्हणत होता, त्याची ती निःशंकता दोन दशकांच्या स्वयंसेवी श्रमांतून निर्माण झाली होती. तिचे पैसे तिसऱ्याच पक्षाने केले. २०११ च्या डिसेंबरमध्ये एनमॅप या प्रसिद्ध साधनाचे कर्ते गॉर्डन लायन यांनी डाउनलोड डॉट कॉमविरुद्ध हीच तक्रार केली होती. तेथे एनमॅपला घातलेले आवरण टूलबार बसवीत होते व शोधयंत्र आणि मुखपृष्ठ बदलीत होते.

दुसरे उदाहरण इंटरनेटवरून उतरविलेल्या प्रोग्रॅमचे नाही. नव्या संगणकाबरोबरच आलेल्या प्रोग्रॅमचे आहे. पण अनाहूत सॉफ्टवेअरमुळे हानी किती खोल जाऊ शकते हे त्यावाचून समजणार नाही. लेनोव्हो कंपनीने २०१४ च्या उत्तरार्धात विकलेल्या काही लॅपटॉपवर सुपरफिश या कंपनीचा ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ नावाचा जाहिरात-प्रोग्रॅम आधीच बसविलेला होता. सुरक्षित, म्हणजे कुलूप दाखविणाऱ्या, पानांतही जाहिराती घुसडता याव्यात म्हणून त्याने संगणकाच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते. बँकेचे पान बँकेचेच आहे याची ग्वाही ज्या यंत्रणेने द्यावयाची, तिच्यातच हा मध्यस्थ जाऊन बसला. त्यातही सर्व लॅपटॉपवर गुप्त किल्ली एकच होती व तिचा परवलीचा शब्द सहज शोधता येण्याजोगा होता. तो शोधला गेल्याचे २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. म्हणजे सार्वजनिक वायफायवर बसलेला कोणीही लबाड मनुष्य त्या लॅपटॉपपुढे खोटी बँक उभी करू शकत होता. प्रोग्रॅम काढून टाकला तरी प्रमाणपत्र मागे राही. वापरणाऱ्याला एकदाच एक खिडकी दाखविली जाई, आणि ती नुसती बंद केली तरी होकार समजला जाई, असे फेडरल ट्रेड कमिशनने नमूद केले. २०१७ मध्ये कंपनीने कमिशनशी समझोता केला आणि ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

‘थोड्या जाहिराती दिसल्या तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. जाहिरात दाखविण्यासाठी जी जागा अडविली जाते, त्याच जागेतून परवलीचे शब्द, अप्रकाशित संशोधन आणि मुलाखत देणाऱ्यांची गोपनीय माहिती जात असते.

६. निवारण : स्थापनेपूर्वी आणि स्थापनेच्या वेळी

येथील विवेचन विंडोज व्यवस्थेला धरून केले आहे, कारण हा उपद्रव तेथेच अधिक आढळतो.

पहिला नियम मूळ स्थानाचा. शोधयंत्राच्या निकालांत वर येणारा दुवा अनेकदा जाहिरात असतो. प्रोग्रॅमच्या कर्त्याचे संकेतस्थळ शोधून तेथूनच तो घ्यावा; भांडारांवरून घेण्याचे टाळावे. लिनक्सवर वितरणाचे स्वतःचे भांडार हा नेहमीचा मार्ग आहे. विंडोजसाठीही मायक्रोसॉफ्टने विंगेट हे साधन दिले असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०२१ च्या मे महिन्यात निघाली.

दुसरा नियम ओळख पटविण्याचा. इंस्टॉलरच्या गुणधर्मांत अंकीय स्वाक्षरीचा भाग असतो; तेथे सही कोणाची आहे हे पाहावे. सही वैध आहे एवढ्यावरून प्रोग्रॅम चांगला ठरत नाही, कारण मध्यस्थही रीतसर सही करतात. परंतु प्रोग्रॅम एकाचा आणि सही भलत्याच कंपनीची, असे दिसले तर ते आवरण आहे असे समजावे. फाइलच्या आकारावरूनही बोध होतो. दोनतीनशे मेगाबाइटच्या प्रोग्रॅमचा इंस्टॉलर एकदोन मेगाबाइटचाच असेल, तर बाकीचे तो कोठून तरी आणणार आहे. कर्त्याने शा-२५६ ही बेरीज दिली असेल तर विंडोजमधील सर्टयुटिल या अंगभूत साधनाने ती पडताळावी. व्हायरसटोटल या सेवेवर फाइल तपासून अनेक प्रतिबंधकांचे मत एकाच वेळी घेता येते; मात्र तेथे चढविलेली फाइल इतरांनाही पाहावयास मिळू शकते, यास्तव स्वतःचे दस्तऐवज तेथे कधीही पाठवू नयेत.

तिसरा नियम स्थापनेच्या वेळचा. नेहमी ‘विशेष’ मार्ग निवडावा, प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र प्रश्न समजावा, आणि ज्या पानावर परक्या प्रोग्रॅमचे नाव दिसेल तेथे नकार द्यावा. तो नकार दिल्याने मूळ प्रोग्रॅमची स्थापना थांबत असेल, तर तो प्रोग्रॅमच सोडून द्यावा. इंस्टॉलर पूर्ण असेल तर स्थापनेच्या वेळी इंटरनेट बंद ठेवणे हिताचे ठरते, कारण निमंत्रणे त्या क्षणी सर्व्हरवरून आणली जातात. शंकास्पद प्रोग्रॅम विंडोज सँडबॉक्ससारख्या वेगळ्या कोठडीत आधी चालवून पाहता येतो. परंतु काही इंस्टॉलर अशी कोठडी ओळखतात व तेथे सभ्यपणे वागतात, हे विसरू नये.

विंडोजमध्ये नको असलेल्या प्रोग्रॅमांना अडविण्याची सोय आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात, ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या शीर्षकाखाली ती सापडते. विंडोज १० च्या मे २०२० च्या आवृत्तीत ती सामान्य वापरणाऱ्यास मिळाली, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून ती आपोआप चालू ठेवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने स्वीकारले. जुन्या संगणकावर ती बंद नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

७. निवारण : शिरकाव झाल्यावर

उपद्रव सुरू झाल्यावर घाईने ‘सफाई’चा प्रोग्रॅम शोधू लागणे हे आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे आहे, कारण त्या शोधात सापडणारे पुष्कळ प्रोग्रॅम याच वर्गातील असतात. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम प्रबंध, टिपणे व अन्य दस्तऐवजांची प्रत बाहेरच्या साठवणीवर घ्यावी. प्रोग्रॅमांची घेऊ नये. नंतर प्रोग्रॅमांची यादी स्थापनेच्या तारखेने लावावी. ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासच्या अनोळखी नोंदी बहुधा एकाच टोळीतील असतात. त्या एकामागून एक काढाव्यात. काढतानाच्या खिडक्याही फसव्या असू शकतात. ‘ठेवा’ व ‘काढा’ यांची जागा पाहूनच बटन दाबावे.

मग ब्राउझरकडे वळावे. अनोळखी विस्तार काढावेत, शोधयंत्र व मुखपृष्ठ पूर्ववत करावे, आणि सूचना पाठविण्याची परवानगी कोणत्या संकेतस्थळांना दिली गेली आहे ते पाहून नको त्यांची रद्द करावी. ब्राउझरच्या दर्शकचिन्हाच्या गुणधर्मांत मूळ पत्त्यापुढे एखादे परके संकेतस्थळ जोडलेले असते, तेही पाहावे. वैयक्तिक संगणकावर ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ असा संदेश दिसला तर सावध व्हावे. काही सुरक्षाप्रोग्रॅमांमुळेही तो दिसतो, परंतु विस्तार काढता येऊ नये म्हणून अनाहूत प्रोग्रॅमही संस्थांसाठी असलेली धोरणे गुपचूप लागू करतात.

एवढे करूनही उपद्रव परत येत असेल, तर त्याचे कारण बहुधा नियोजित कामांच्या यादीत किंवा संगणक सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रॅमांत सापडते. एक काढला की दुसरा त्याला पुन्हा आणून बसवितो. त्यानंतर प्रॉक्सीची मांडणी पाहावी. मूळ प्रमाणपत्रांची यादी अनुभवी व्यक्तीच्या साहाय्यानेच तपासावी, कारण तेथील आवश्यक प्रमाणपत्र चुकून काढले तर नवीनच अडचण उभी राहते. शेवटी विश्वासार्ह साधनाने पूर्ण तपासणी करावी. या वर्गासाठीच केलेले ॲडव्हक्लीनर हे विनामूल्य साधन २०१६ पासून मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे, व ते तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विनामूल्य तपासणी-साधने मिळतात.

संगणक स्वच्छ झाल्यावर, अथवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून, महत्त्वाचे परवलीचे शब्द बदलावेत. प्रमाणपत्रांत ढवळाढवळ झाल्याचे आढळल्यास विंडोजची नव्याने स्थापना करणे हाच निर्धोक मार्ग होय. त्यात एक दिवस जातो. पण संशय मनात ठेवून त्याच संगणकावर वर्षभर काम करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

८. संस्था, कायदा आणि उर्वरित प्रश्न

विभागातील सामायिक संगणकांवर वरील सर्व दक्षता प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावी अशी अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. तेथे दैनंदिन खात्यांना प्रशासकीय अधिकार नसावेत. नेहमी लागणाऱ्या साधनांचे तपासलेले इंस्टॉलर विभागानेच एका ठिकाणी ठेवावेत, आणि नवे साधन हवे असल्यास ते कोणाकडे मागावयाचे हे ठरलेले असावे. नुसता मज्जाव केला व पर्याय दिला नाही, तर विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर तेच करतो आणि पेनड्राइव्हने फाइली आणतो.

भारतातील कायद्याचा विचार करताना पुन्हा संमतीपाशीच यावे लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात दूषित प्रोग्रॅम घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. परंतु आपल्याजवळ परवानगी आहे असेच अनाहूत सॉफ्टवेअरचा कर्ता म्हणणार. त्या परवानगीची गुणवत्ता तपासण्याची साधने अलीकडे येऊ लागली आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी असे म्हटले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना चकविणाऱ्या मांडणींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील १३ प्रकारांत वेश पालटलेल्या जाहिराती, गोंधळात पाडणारे प्रश्न, आणि व्हायरस असल्याची खोटी भीती घालून साधन विकणे यांचा समावेश आहे. इंस्टॉलरच्या ज्या पानाचे वर्णन वर केले, त्याचे बहुतेक अवयव या यादीत ओळखता येतात.

सोबत दुसरा प्रोग्रॅम देणे हे स्वभावतःच गैर आहे असे मात्र म्हणता येणार नाही. चौकट रिकामी असावी. होकार व नकार सारख्याच ठळकपणे मांडलेले असावेत. सोबत येणाऱ्याचे नाव, काम व कर्ता स्वच्छ सांगितलेला असावा. आणि तो स्वतंत्रपणे, मागे काहीही न ठेवता काढता यावा. या चार अटी पाळणाऱ्या कर्त्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. या अटी पाळून किती उत्पन्न होते, यावरूनच पूर्वीच्या उत्पन्नातील किती भाग संमतीचा होता आणि किती अनवधानाचा, हे कळून येईल.

इंस्टॉलरमधील हा उपद्रव दशकापूर्वीच्या मानाने कमी झाला असला तरी व्यापाराचे तत्त्व संपलेले नाही. त्याने जागा बदलली आहे. द ग्रेट सस्पेंडर हा क्रोमचा लोकप्रिय विस्तार त्याच्या कर्त्याने २०२० मध्ये दुसऱ्याकडे सोपविला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने तो घातक म्हणून बंद केला. ज्यांनी तो बसविला त्यांनी सर्व काही वाचून, मूळ स्थानावरून, विचारपूर्वक बसविला असला तरी त्याचा उपयोग झाला नसता, कारण त्यांनी ज्याला होकार दिला होता तो कर्ताच मागाहून बदलला. यास्तव संमती ही एकदा देऊन विसरण्याची गोष्ट न मानता, प्रत्येक सत्राच्या आरंभी आपल्या संगणकावरील प्रोग्रॅम व विस्तार यांची यादी एकवार पाहून, ज्यांची गरज उरलेली नाही ते काढून टाकण्याचा परिपाठ विभागातील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी ठेवावा, अशी सूचना करावीशी वाटते.